कान्होपात्रेचं ‘नको’



आज चिंतनाला संत कान्होपात्रेचा तो अभंग घेतलाय, ज्याचा पहिलाच शब्द ‘नको’ आहे. भजनात आपण तो डोळे मिटून म्हणतो, चालीत रंगून जातो. पण ती काय सांगतेय? वाघाने धरलेल्या हरणाच्या पाडसासारखी माझी गत झालीय, देवा, आता अंत पाहू नकोस.

कान्होपात्रा पंधराव्या शतकातली, मंगळवेढ्याची. आई श्यामा गणिका. कथा अशी की तिच्या रूपाची कीर्ती ऐकून बिदरच्या बादशहाने तिला आणायला माणसं धाडली. बिदर म्हणजे आपल्या उदगीरच्या पलीकडचंच. तिने विठ्ठलाचे पाय धरले आणि तिथेच देह ठेवला. पंढरपूरच्या देवळात तिचं तरटीचं झाड आजही दाखवतात.

गणिकेच्या मुलीला कसली आलीय मर्जी, असंच बादशहाने धरलं असणार. वारकऱ्यांनी मात्र तिचं ‘नको’ शतकानुशतकं जपलं. मग आपल्यातल्या कुणी नको म्हटलं तर ते आपल्याला ऐकू का येत नाही?

कीर्तन संपलं की आपण एकमेकांच्या पाया पडतो, गळाभेट घेतो. त्यातला आनंद खराच आहे. पण एखादी ताई अंग चोरून मागे सरकते, लांबूनच हात जोडते. तिथं थांबायचं. ‘अगं, आपण घरचेच’ म्हणत पाठीवरून हात फिरवायचा नाही, मग तो हात बुवांचा का असेना! क्लाससाठी लातूरला आलेल्या, होस्टेलवर राहणाऱ्या मैत्रिणीच्या खांद्यावर फोटोपुरता हात असो की धुळवडीला गालाला लावायचा रंग, आधी विचारा. ती गप्प राहिली म्हणजे हो म्हणाली असं नाही. लेकरांनाही पाहुण्यांच्या मांडीवर बळंच बसवू नका.

2024 मध्ये देवळाच्या कामासाठी खुद्द विठोबाचं पदस्पर्श दर्शन काही आठवडे बंद होतं. लोकांनी लांबून मुखदर्शन घेतलं. कुणाची भक्ती उणी झाली का?

‘मग हे शिवाशिवीसारखंच की,’ असं कुणी म्हणेल. नाही. विटाळ मानणारा समोरच्याला माणूसच मानत नव्हता. इथे उलट आहे, समोरच्याला माणूस मानायचं म्हणून तर विचारायचं. चोखोबांना देवळाबाहेर ठेवलं ते दुखणं वेगळं. त्यांचा अभंग उद्या घेऊ.