'रंग' शब्दाच्या शोधात

गेल्या वर्षी रानशेतला आमच्या घरी चुलतबहिणीच्या लग्नाचा चौक लिहायचा होता. (आम्हा वारल्यांत चौक 'काढत' नाहीत, 'लिहितात'.) मी डहाणूच्या बाजारातून पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली आणली. आजीने ती बाजूला सारली. "हा रंग आहे. चौकाला पीठ लागतं," एवढेच म्हणून ती तांदूळ वाटायला बसली. दोन्ही पांढरेच, मग एक रंग आणि दुसरे नव्हे, हे कसे? कॉलेजात परतल्यावर मी शब्दकोश उघडला.

'रंग' हा शब्द संस्कृत 'रञ्ज्' धातूपासून आला. त्याचा अर्थ रंगणे, तांबडे होणे, तसाच आसक्त होणे, आनंदणे. याचे गोत फार मोठे. रंगलेले ते रक्त. म्हणून तांबडे, आणि म्हणूनच अंगातले रक्तही. कपडे रंगवणारा-धुणारा तो रजक. मन रमते ते रंजन, जडते तो अनुराग, रंग उतरला की विराग. पाणिनीने कापड रंगवण्याच्या द्रव्याला 'राग' म्हटले आहे. संस्कृतात राग म्हणजे प्रेमसुद्धा. आपण मराठी माणसांनी मात्र त्यातले तेवढे तापणे ठेवून घेतले! विडा रंगतो, मैफल रंगते, क्वचित बेरंगही होतो. थोडक्यात, रंग हा वरून फासायचा नसून आत मुरायचा.

'वर्णा'चे तसे नाही. त्याची व्युत्पत्ती 'वृ' म्हणजे झाकणे या धातूपासून सांगतात. इंग्रजी 'कलर'च्या मागचा लॅटिन शब्दही झाकण्याशीच जोडला जातो. वर्ण म्हणजे रंग, वर्ण म्हणजे अक्षर, आणि वर्ण म्हणजे चातुर्वर्ण्यातला वर्ण. या तिसऱ्या अर्थावर माझे बोट अडले. वसतिगृहातल्या पहिल्याच दिवशी एकीने माझ्या तोंडाकडे पाहून, नाव न विचारताच, "जंगलपट्टीतली का गं?" असे विचारले होते. तिने पाहिला तो माझा वर्ण. रंग पाहायला तिला पुढे दोन वर्षे लागली.

आता आजीचे म्हणणे. आमची भिंत शेणाने सारवून गेरूने तांबडी केलेली. 'रञ्ज्'मधला तांबडेपणा तिच्यातच मुरलेला. तिच्यावर सवासिनी पालघट देवीचा चौक लिहितात तो तांदळाने, म्हणजे आम्ही खातो त्या धान्याने. शेजारच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०नंतर ही चित्रे कागदावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कागदावर बाटलीतला रंग आजीलाही चालतो. लग्नाच्या भिंतीवर नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला 'रञ्ज्' धातू समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि पिठाला काय म्हणतात पुस्तकात?"