शिल्लक उणे का आली?

ताईंनो, रोकडवही आता एक्सेलमध्ये लिहिताय ना? मग शिल्लक दर ओळीला हाताने मांडू नका. सी रकान्यात जमा, डी मध्ये खर्च, ई मध्ये शिल्लक. ई२ मध्ये मागील शिल्लक लिहा, समजा ८५० रुपये. ई३ मध्ये =ई२+सी३-डी३ हे सूत्र टाका आणि खाली ओढत न्या. (सदस्याला कर्ज दिलं तरी रोकड पेटीतून गेलीच, म्हणून ते डी मध्ये.)

आता बघा. १२ जणींची बचत १,२०० जमा, शिल्लक २,०५०. एकीला कर्ज २,०००, उरले ५०. प्रवासखर्च ८०, आणि शिल्लक उणे ३०! पेटीत उणे पैसे कधी असतात का? बहुतेक जमेची एखादी नोंद राहिलीय. पावत्या चाळल्या की एका ताईचा ५०० चा हप्ता सापडतो. कर्जाच्या वर नवी ओळ घालून तो लिहिला, तरी खाली उणे ३० तसेच! कारण कर्जाच्या ओळीतलं सूत्र अजून बचतीच्या ओळीचीच शिल्लक उचलतंय, मधली नवी ओळ त्याला माहीत नाही. ई३ मधलं सूत्र पुन्हा शेवटपर्यंत ओढा, ४७० येतील.

मग पेटीतल्या नोटा मोजा. आणि त्या ताईच्या पासबुकात ५०० चढलेत का तेही बघा, नाहीतर हप्ता भरूनही थकबाकी तिच्याच नावावर दिसायची.