ताटाचा फोटो आणि कॅलरीचा अंदाज



हल्ली घरोघरी मुले-सुना जेवणाआधी ताटाचा फोटो काढतात आणि मोबाईल सांगतो, यात इतक्या कॅलरी, इतकी प्रथिने. घरात कुणाला मधुमेह असला की त्याच्या ताटावरही हा प्रयोग होतो. त्यात खरे किती, ते समजून घेऊ.

मोबाईल आधी पदार्थ ओळखतो, मग तो किती ग्रॅम असेल याचा अदमास करतो आणि तक्त्यातला आकडा लावतो. तक्ते पक्के आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. घोडे पेंड खाते ते वजनाच्या अदमासावर. वाटी उथळ की खोल, भाकरी पातळ की जाड, हे वरून काढलेल्या फोटोत कळायचे कसे?

उभा ऊस बघून जाणता माणूस टनेज बरेच जवळ सांगतो. पण उतारा बांधावरून दिसत नाही. त्याला रसच तपासावा लागतो. ताटातल्या तेलाचे तसेच आहे. वांग्याच्या भाजीत तेल किती, दाण्याचे कूट किती, फोटोला काय कळणार? तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी. दहा ग्रॅम इकडे-तिकडे झाले की ९० कॅलरीचा फरक.

यापेक्षा वाण्याच्या यादीवरून हिशेब करा. पाच माणसांत महिन्याला ४ किलो तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे २४० कॅलरी झाल्या. चहाचेही तेच. कपाला १० ग्रॅम साखर धरली तर पाच कपांच्या २०० कॅलरी, आणि फोटोत दिसतो नुसता कप! साखर कारखान्याच्या अंकात हे कशाला, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या.

फोटो काढायचाच तर थोडा तिरका काढावा, शेजारी नेहमीचा चमचा ठेवावा म्हणजे मापाला आधार मिळतो. घरची भाकरी एकदा काट्यावर तोलून तो आकडा आपल्या हाताने भरावा. तेलाचाही भरावा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र फोटोच्या आकड्यावर विसंबून मात्रा कमी-जास्त करू नये, डॉक्टरांना विचारावे. जाताना आठवडाभराचे फोटो घेऊन जा. ‘काय काय खाता?’ असे डॉक्टरांनी विचारले की आपण निम्मे विसरतो, फोटोत सगळे असते.