सातारा-सांगलीतील शाळा : कारभार कोणाकडे ?

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शाळांसाठी स्वतंत्र ‘शालेय जिल्हे’ असतात. त्यांची मंडळे लोक निवडून देतात आणि खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ताकरातून भागतो. सातारा व सांगली जिल्ह्यांतील व्यवस्था याहून वेगळी आहे. येथे शाळेची सीमा म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेची सीमा होय.

ही सीमाही एकदा बदललेली आहे. 1949 मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला. 1960 मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे त्यामुळे आज सांगली जिल्ह्यात आहे. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण अशा संस्थानांचा मुलूखही या दोन जिल्ह्यांत विलीन झाला.

1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने प्राथमिक शाळा जिल्हा शाळा मंडळाकडे सोपविल्या होत्या. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील ही जबाबदारी त्यांच्याकडे आली. शिक्षण समिती, प्राथमिक शिक्षणाधिकारी, तालुक्यास गटशिक्षणाधिकारी, त्याखाली विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख व मुख्याध्यापक अशी ही उतरंड आहे. शिक्षकांचे वेतन शासनाच्या अनुदानातून येते. जिल्ह्यांतर्गत बदल्या जिल्हा परिषद करते, पण शासनाने ठरविलेल्या धोरणानुसार. शिक्षकाच्या रिक्त जागेसाठी सरपंचाला जाब विचारणे म्हणूनच व्यर्थ ठरते. शाळेचे पाणी, कुंपण, अंगण यांबाबत मात्र ग्रामपंचायत पुष्कळ करू शकते.

जत तालुक्याच्या पूर्व भागात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तेथील रिक्त जागा शेजारच्या तालुक्यातील अतिरिक्त मराठी शिक्षक पाठवून भरता येत नाही. कागदावर शिक्षकसंख्या पुरी दिसते. वर्गात मुलांना त्यांच्या भाषेत शिकविणारा कोणी नसतो. पदांचा हिशेब माध्यमवार मांडला पाहिजे.

खरी अडचण प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणाच्या सांध्यावर आहे. माध्यमिक शाळा बहुतांशी खासगी अनुदानित संस्थांच्या आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था त्यांत अग्रणी होय. या शाळांवरील देखरेख माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे असते. गावची शाळा चौथीला किंवा सातवीला संपली, की मूल एका व्यवस्थापनाकडून दुसऱ्याकडे जाते. दाखला दिला म्हणजे पहिली शाळा मोकळी होते, आणि मूल पुढे दाखल झाले की नाही हे पाहणे कोणाचेच काम राहत नाही. वाड्यावस्तीवरील मुलीची शाळा सुटते ती बहुधा येथेच. जून महिन्यात केंद्रप्रमुखांनी दोन्ही हजेरीपटांची नावानिशी पडताळणी केली, तर हे त्याच आठवड्यात ध्यानात येईल.

1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. राज्याच्या 2011 च्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. पाटण, जावळीच्या डोंगरी वस्त्यांत जेथे हे शक्य नाही, तेथे वाहतुकीची किंवा तत्सम सोय करावयाची असते. अशा वस्तीतील मुलांची नावे, इयत्ता व प्रत्यक्ष पायवाटेचे अंतर नमूद केलेला समितीचा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे शाळा सुरू होण्यापूर्वीच पोहोचलेला बरा.