डॉक्टरांना न सांगितलेला डबा

कावीळ झाली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "बाहेर कुठं पाणी प्यायलात?" माझ्या धाकट्या जावेलाही घरात, शेजारी, दवाखान्यात सगळ्यांनी हेच विचारलं. तिनं पाणीपुरीपासून लग्नातल्या जेवणापर्यंत सगळं आठवून सांगितलं. "सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?" असं विचारल्यावर मात्र म्हणाली, "काहीच नाही."

ती खोटं बोलत नव्हती. वजन उतरवायच्या कॅप्सूल ती रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची, पण तिच्या लेखी ते औषध नव्हतंच. जिममधल्या मैत्रिणीनं आणून दिलेला डबा, त्यावर हिरवं पान आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' ही अक्षरं. तो औषधांच्या खणात नव्हे, मध आणि चहापत्तीच्या शेजारी असायचा.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिचं रक्त मीच घेतलं. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली, तर एरवी फिकट दिसणारं सीरम हळद कालवलेल्या पाण्यासारखं गडद झालेलं. रिपोर्ट येण्याआधीच पोटात गोळा आला. एसजीपीटी हे लिव्हरचं एन्झाइम साधारण चाळीस-पन्नासच्या आत असावं लागतं, तिचं हजाराच्या पुढे गेलं होतं. हिपॅटायटिसच्या ए, बी, सी, ई या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या.

तोवर घरातल्या थोरल्यांनी तिला गावी कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचं ठरवलं होतं. हाताला चुना चोळून पाणी पिवळं झालेलं दाखवतात, तो प्रकार. मी आडवी आले. त्या पाण्यानं रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, तसूभरही उतरत नाही, मोलाचे दिवस मात्र जातात. वर एखादी अनोळखी मुळी पोटात गेली, तर आधीच सुजलेल्या लिव्हरवर आणखी घाव.

लिव्हरच्या डॉक्टरांनी गोळ्यांचा तोच प्रश्न वेगळा करून विचारला. "पावडर, काढा, जिममधलं, ऑनलाइन मागवलेलं काही?" तेव्हा डबा बाहेर आला. आत ग्रीन टीचा अर्क आणि गार्सिनिया होतं. गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाचंच कूळ, त्यामुळे नाव ऐकून कुणाला भीती वाटत नाही. पण कपभर ग्रीन टी पिणं वेगळं आणि त्याचा आटवलेला अर्क कॅप्सूलमधून गिळणं वेगळं. त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य उपाशीपोटी जास्त शोषलं जातं. अशा पूरक गोळ्यांतून ते दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं, तर लिव्हरची एन्झाइम्स वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये नोंदवलं. हे सगळ्यांना होत नाही, आणि कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून 'मैत्रिणीला तर काही झालं नाही' हा भरवसा कामाचा नाही.

अमेरिकेत २००९ मध्ये वजन उतरवण्यासाठी विकलं जाणारं 'हायड्रॉक्सिकट' बाजारातून परत मागवावं लागलं. लिव्हरला इजा झाल्याच्या २३ गंभीर तक्रारी तिथल्या औषध प्रशासनाकडे आल्या होत्या, त्यात एक मृत्यू होता. २०१३ मध्ये हवाई बेटांवर 'ऑक्सिएलिट प्रो' हे तसंच उत्पादन घेणाऱ्यांना हिपॅटायटिस झाला, काहींवर लिव्हर बदलायची वेळ आली. त्यात एजेलिन घातलेलं होतं. हे द्रव्य मुळात सापडतं ते बेलाच्या झाडात. झाड पवित्र आहे म्हणून त्यातलं वेगळं काढलेलं किंवा कारखान्यात बनवलेलं रसायन निर्धोक ठरत नाही.

मला सर्वांत जास्त छळते ती एक गोष्ट. लिव्हर बिघडल्याच्या सुरुवातीच्या खुणांपैकी एक म्हणजे भूक मरणं. पाठोपाठ अन्नाच्या वासानं मळमळ, थकवा. वजन उतरवण्यासाठी गोळी घेणाऱ्या बाईला याचा आनंदच होतो. "ताई, आता भूकच लागत नाही, काटा खाली आलाय," असं जाऊ मला हौसेनं सांगायची. गोळी लागू पडतेय असं तिला वाटत होतं, आणि आत लिव्हर सुजत होतं.

म्हणून भूक अचानक गेली, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे दिसू लागले, तर त्याच दिवशी कॅप्सूल बंद करा आणि डॉक्टरांना गाठा. एलएफटी या लिव्हरच्या तपासणीबरोबर रक्त गोठण्याची आयएनआर ही तपासणीही करून घ्या, लिव्हर आपलं काम करतंय की नाही ते त्यावरून कळतं. माणूस गुंगीत असेल, असंबद्ध बोलत असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्या. बरं वाटल्यावर तीच गोळी पुन्हा सुरू करू नका, दुसऱ्या वेळी इजा लवकर आणि जास्त होऊ शकते.

लठ्ठपणा बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे. तरी अशा जाहिराती रोज मोबाइलवर दिसतात. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं, तेही बारीक अक्षरांत कुठं तरी असतं. तेवढं तरी शोधून वाचा.

माझी जाऊ बरी झाली. औषध थांबवल्यावर बहुतेकांचं लिव्हर सावरतं, तिचंही सावरलं, पण थकवा कितीतरी महिने गेला नाही.

डॉक्टरांकडे जाताना घरातली गोळी, पावडर, काढा, जे काही पोटात जातं ते सगळं पिशवीत घालून न्या. संशयित डबा फेकू नका. आणि त्रास झालाच, तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या सरकारी १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर कळवा.