मुलांना घेऊन मोटरबोटीत बसताना

दिवाळीची सुटी लागली किंवा मे महिना आला की अनेक कुटुंबे पाण्याच्या ठिकाणी सहलीला जातात. कोणी तारकर्ली-देवबागला, कोणी तापोळ्याला शिवसागर जलाशयावर, तर कोणी उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहायला. कुठेही गेले तरी मुलांचा हट्ट एकच, "बोटीत बसायचंच!" हा हट्ट पुरवायला काहीच हरकत नाही. मोकळी हवा, पाणी आणि पक्षी पाहून मुलांना जो आनंद होतो, तो घरात बसून मिळत नाही.

प्रश्न एवढाच आहे की, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या चार बोटींपैकी एक आपण कशावरून निवडतो? बहुतेक वेळा भाडे, वेग आणि रंग यांवरून. मुलाला चप्पल घेताना आपण पायात घालून, दोन पावले चालवून पाहतो. बोट निवडताना मात्र आपल्या मुलाच्या मापाचे काही आहे की नाही, हे विचारायचेच राहून जाते. आजच्या लेखात याच निवडीचा विचार करू.

बुडणारे मूल ओरडत नाही

बुडणारा माणूस हात हलवून "वाचवा, वाचवा" ओरडतो, असे आपण सिनेमात पाहिलेले असते. प्रत्यक्षात बहुधा तसे घडत नाही. ओरडण्यासाठी आधी श्वास घ्यावा लागतो आणि बुडणाऱ्याला तेवढीही सवड मिळत नाही. तोंड क्षणभर पाण्यावर येते आणि पुन्हा खाली जाते. लहान मूल तर आवाज न करता, अगदी थोड्या वेळात पाण्याखाली जाते. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर चार ते सहा मिनिटांत त्याला कायमची इजा होऊ लागते.

लहान मुलांना धोका अधिक असण्याची कारणे त्यांच्या शरीराच्या ठेवणीतच आहेत. शरीराच्या मानाने त्यांचे डोके मोठे व जड असते. त्यामुळे काठावरून वाकून पाहताना त्यांचा तोल पुढे जातो. त्यांचे शरीर पाण्यात लवकर गार पडते आणि ती लवकर दमतात. म्हणून "आमच्या मुलाला पोहता येते" एवढ्यावर विसंबून राहू नये. तलावात शिकलेले पोहणे वेगळे आणि कपड्यांनिशी, घाबरलेल्या अवस्थेत, लाटांत पडल्यावर पोहणे वेगळे.

आधी जॅकेट, मग बोट

बोट ठरवण्यापूर्वी बोटवाल्याला पहिला प्रश्न विचारावा, "दादा, लहान मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का?" उत्तर "नाही" असेल, तर ती बोट कितीही चांगली असली तरी आपल्या कुटुंबासाठी नाही, असे समजावे. "मोठंच घाला, दोरीनं आवळून बांधतो," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण मोठ्या माणसाचे जॅकेट मुलाला घातले, तर पाण्यात पडताच ते वर सरकते आणि मूल त्यातून खाली निसटते. कधी ते तोंडावर येऊन श्वासच अडवते.

जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत जॅकेटची मापे वजनावरून ठरवली आहेत. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांसाठी एक, १५ ते ४३ किलोच्या मुलांसाठी दुसरे आणि त्यापुढे मोठ्यांचे. चांगल्या जॅकेटच्या आतल्या बाजूला वजनाचा आकडा छापलेला असतो, तो वाचावा. मुलांच्या जॅकेटला मानेमागे आधार देणारी कॉलर हवी, म्हणजे डोके पाण्याच्या वर राहायला मदत होते. दोन पायांमधून घेऊन पुढे अडकवायचा पट्टा हवा, म्हणजे जॅकेट वर सरकत नाही. रंग भगवा किंवा पिवळा, लांबून दिसणारा असावा. एक शिट्टी बांधलेली असली तर उत्तमच.

जॅकेटवर 'न्यूटन' या मापात तरंगवण्याची शक्तीही लिहिलेली असते. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यांना काठाजवळ मदत म्हणून असते. लहान मुलांसाठी १०० न्यूटन किंवा त्याहून अधिक शक्तीचे घ्यावे.

माप बरोबर आहे की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. जॅकेट घालून सर्व पट्टे, बकले लावावीत. मग मुलाला हात वर करायला सांगून जॅकेट दोन्ही खांद्यांजवळ धरून वर ओढावे. ते हनुवटी किंवा कानांपर्यंत वर आले, तर सैल आहे. बकल तुटलेले, शिवण उसवलेली किंवा आतला फोम चुरा होऊन एका कोपऱ्यात गोळा झालेला असेल, तर ते जॅकेट परत द्यावे. हवेने फुगवायची रिंग किंवा दंडावरचे फुगे म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे.

जॅकेट बोटीत असणे आणि अंगावर असणे यांतही फार फरक आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. या अपघातात १५ जणांचे प्राण गेले. आपली बोट मोठी, पाणी शांत आणि किनारा जवळ असला, तरी धोका दुसऱ्या बाजूने येऊ शकतो. अशा वेळी बाकाखालचे जॅकेट काढून, मुलाला घालून, पट्टे लावायला वेळ मिळत नाही. म्हणून धक्क्यावरच जॅकेट घालावे आणि पुन्हा धक्क्यावर आल्यावरच काढावे. हा नियम आईवडिलांनीही पाळायचा आहे. आईवडील जॅकेट काढून बसले, तर मूल ते अंगावर का ठेवील?

तान्ह्या बाळांचे काय, असे अनेक माता विचारतात. बाळाला मांडीवर घट्ट धरून बसले की झाले, अशी समजूत आहे. पण बोट उलटताना हात आपोआप आधार शोधतात आणि बाळ सुटते. बाळाला स्वतःशी ओढणीने बांधणे तर त्याहून वाईट. तान्ह्या बाळाच्या मापाचे जॅकेट आपल्याकडे सहसा मिळत नाही. तेव्हा बाळाला घेऊन आजीने किंवा मावशीने किनाऱ्यावर सावलीत थांबावे, हेच शहाणपणाचे.

बोट कशी पाहावी?

जॅकेट मिळाले की मग बोटीकडे पाहावे. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि किती माणसे बसवायची तो आकडा लिहिलेला आहे का? देशांतर्गत जलाशयांसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. त्याखाली यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी करावी लागते. माणसे मोजताना मुलेही मोजावीत. मुलाचे तिकीट अर्धे असेल, पण बोटीच्या हिशेबात ते पूर्ण माणूस असते. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि अनेक मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हते. भरलेल्या बोटीत "आणखी दोघं घ्या हो" असे कोणी म्हणाले, तर आपण उतरावे. पैसे गेले तरी चालतील.

बोटीचा काठ बसलेल्या मुलाच्या छातीपर्यंत तरी यावा. धरायला कठडा किंवा दांडी असावी. तळ निसरडा नसावा. बोट रुंद असेल तर कमी डुलते. छतावर किंवा वरच्या मजल्यावर माणसे चढवलेली बोट टाळावी, कारण वर भार वाढला की बोट लवकर कलंडते. ७ मे २०२३ रोजी केरळात तानूर येथे क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी घेतलेली दुमजली बोट उलटून २२ जण बुडाले, त्यांत अनेक लहान मुले होती.

चालकाकडेही लक्ष द्यावे. वेगवान बोटीच्या इंजिनाला एक लाल पिळदार दोरी असते. ती चालकाने मनगटाला किंवा मांडीला अडकवायची असते. चालक पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि इंजिन बंद पडते. ती दोरी नुसती लोंबत असेल, तर चालकाला अडकवायला सांगावे. चढता-उतरताना इंजिन बंद आहे ना, हेही पाहावे. मागच्या पंख्याने होणाऱ्या जखमा फार खोल असतात.

किनाऱ्याकाठी घर असलेली किंवा पर्यटन व्यवसायातली काही कुटुंबे स्वतःची छोटी मोटरबोट घेतात. त्यांनीही हेच पाहावे. शिवाय पाण्यातून वर चढण्यासाठी शिडी असावी. पाणी शिरले तरी बुडू नये म्हणून तळाशी फोम भरलेली बोट घ्यावी. कुटुंबासाठी मोठ्या इंजिनापेक्षा खोल काठाची आणि रुंद बुडाची बोट अधिक कामाची.

वारा, वेळ आणि बसण्याची जागा

२१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान चालणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. त्यात ६ जण बुडाले, त्यांत दोन लहान मुले होती. उन्हाळ्यात वळवाचा वारा पाहता पाहता उठतो. म्हणून मे महिन्यात बोटीची फेरी सकाळीच उरकावी. आभाळ काळवंडले असेल, पाण्यावर पांढरा फेस दिसत असेल किंवा अंधार पडत आला असेल, तर जाऊ नये.

मुलांना बोटीच्या मधोमध बसवावे आणि दोन्ही बाजूंना मोठ्यांनी बसावे. नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, मुलांना बसवू नये. वेगात लाटेवर आपटताना तिथे सर्वांत मोठा हादरा बसतो. त्याने पाठीच्या मणक्याला इजा होऊ शकते, शिवाय मूल उसळून थेट बोटीच्या पुढ्यात पडते. एका मुलावर लक्ष ठेवायला एक मोठा माणूस, असा हिशेब असावा. डॉल्फिन दिसला की सगळे एकदम एका बाजूला उठून जातात, ते तर मुळीच करू नये.

मळमळ नेमकी कशाने?

दोन ते बारा वर्षांच्या मुलांना बोट लागण्याचा त्रास अधिक होतो. निघण्यापूर्वी पोट तुडुंब भरू नये, हलके खायला द्यावे आणि नजर दूर क्षितिजाकडे ठेवायला सांगावे. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी. प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये.

मात्र प्रत्येक मळमळ बोट लागल्याने होते असे नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. बोट संथ चालली असेल, वारा मागून येत असेल किंवा बाजूचे पडदे सोडलेले असतील, तर हा धूर आत कोंडतो. मग डोके दुखते, गरगरते, उलटी होते, झोप येते. मागे इंजिनाजवळ बसलेले मूल अचानक मलूल झाले, तर बोट लागली असे समजून गोळी देत बसू नये. त्याला मोकळ्या हवेत घ्यावे, इंजिन बंद करायला सांगावे आणि लवकर डॉक्टरांकडे न्यावे.

मूल पाण्यात पडले तर

पोहण्यात तरबेज नसलेल्याने मागे उडी मारू नये, नाहीतर एकाऐवजी दोघे जातात. तरंगणारी रिंग, दोरी, रिकामा बंद कॅन, जे हाती येईल ते फेकावे आणि बोट दाखवून नजर मुलावरच ठेवावी.

बाहेर काढल्यावर मुलाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा पोट दाबणे हे प्रकार अजूनही दिसतात. त्यांत मोलाची मिनिटे वाया जातात आणि पोटातले पाणी श्वासनलिकेत जाते. मूल श्वास घेत नसेल तर पाठीवर निजवावे, हनुवटी उचलून मान किंचित मागे करावी, नाक दाबून तोंडाने दोन ते पाच श्वास द्यावेत. हालचाल दिसली नाही, तर छातीच्या मध्यभागी तळहाताने मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा. छाती साधारण एक-तृतीयांश खाली जावी. तीस दाब, दोन श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन करावा. समुद्रात तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे.

मूल शुद्धीवर आले, खोकू लागले, तरी तसेच घरी नेऊ नये. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास पुढच्या काही तासांत वाढू शकतो. म्हणून रुग्णालयात दाखवून देखरेखीखाली ठेवणे आवश्यक आहे.

वाचकहो, यांतले बरेचसे करायला पैसे लागत नाहीत. धक्क्यावर पाच मिनिटे थांबून चार प्रश्न विचारावे लागतात. मुलाच्या मापाचे जॅकेट आहे का? बोटीत किती माणसे घेणार? वारा कसा आहे? चालकाची दोरी अडकवली आहे का? चारही उत्तरे मनासारखी मिळाली, तर खुशाल बसा आणि मुलांबरोबर पाण्याची मजा लुटा. एकही उत्तर खटकले, तर मुलांना काठावर भेळ खाऊ घाला. मुले थोडा वेळ रुसतील, पण बोट पुन्हा केव्हाही मिळेल.