टीका झाली? आधी गिऱ्हाईकाला विचारा
फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेत, डिस्नेलँडच्या अगदी समोर, डिस्नेने कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर पार्क उघडलं. गर्दी अपेक्षेपेक्षा खूपच कमी! पेपरवाल्यांनी झोडपलं. चाहत्यांमध्ये दोन गट पडले. काहींना वाटलं, पेपरवाले उगाच मागे लागलेत. बाकीचे म्हणायला लागले, खरंच आहे की, तिकीट डिस्नेलँडएवढंच, मग लहान मुलांसाठी राइड कुठे आहेत?

हा प्रश्न पुन्हा वाचा. ही नुसती टीका नाही, कामाची यादी आहे! 2002 मध्ये छोट्यांसाठी वेगळा विभाग आला. तेवढ्याने भागलं नाही. 2007 मध्ये 1.1 अब्ज डॉलरची मोठी सुधारणा जाहीर झाली, 2012 मध्ये कार्स लँड उघडलं, तेव्हा कुठे गर्दी वाढली.

तुमच्याबद्दल कोणी वाईट लिहिलं, तर तुमची बाजू घेणाऱ्या मित्राला नंतर फोन करा. एकदा येऊन परत न फिरकलेल्या गिऱ्हाईकाला आधी.